अर्पिताच्या हातातला चुडा

बब्रुवाननं धाकट्या भावजयीच्या, अर्पिताच्या, थोबाडीत पहिली मारली ती भर अंगणात, पोलीस पाटलाच्या डोळ्यांदेखत. दुसरी मारली तेव्हा तिचं डोकं तुळशीच्या कट्ट्यावर आपटलं. ओसरीवर बसलेली म्हातारी धुरपदाबाई जागची हलली नाही. थोरल्या लेकापुढं तोंड उघडायची सवयच मोडली होती तिची.

आणि सुनेचं मागणं तरी काय मोठं होतं? अर्पिता जर्मनीत नर्स. तिथल्याच एका भल्या माणसाशी तिला कचेरीत लग्न करायचं होतं, पण ती कचेरी भलती काटेकोर. पहिला नवरा मेला असेल तर मृत्यूचा दाखला आणा, काडीमोड झाला असेल तर कोर्टाचा निकाल आणा, त्याशिवाय पुढचं बोलू नका. नवरा बेपत्ता आहे, हे त्यांना चालेना. म्हणून ती तेरखेड्यापलीकडच्या या वस्तीवर आली होती. नवऱ्याचा, म्हणजे वैजनाथचा, नीट तपास व्हावा, घरच्यांनी जबाब द्यावा, एवढंच. पोलीस पाटील महांतप्पा त्यासाठीच आले होते.

तपास म्हटल्यावर बब्रुवानचं पित्त खवळलं. खवळणारच! धाकटा भाऊ बाई घेऊन पुण्याला पळाला, ही थाप त्यानंच गावभर पसरवली होती. खरं तर वैजनाथ बब्रुवानच्या बिनपरवान्याच्या फटाक्यांच्या शेडमध्ये सुतळी बॉम्ब वळताना स्फोटात गेला. फटाक्यांवर जगणाऱ्या या भागात बार उडाला तर कुणी मान वर करून बघत नाही. उरलंसुरलं शरीर बब्रुवाननं आईसमोर ओढ्याकाठी जाळलं आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. एक गेला, आता दुसऱ्याला जेलात धाडतीस का? धुरपदाबाई गप्प बसली.

अर्पिता तेव्हा लातूरला शिकत होती. पळून गेलेल्या नवऱ्याला ती वर्षानुवर्षं शिव्या देत राहिली, आणि सासू दर खेपेला तिच्या हातात सवाष्णीचा हिरवा चुडा भरत राहिली. कालसुद्धा भरला. लाज वाटायची म्हातारीला, पण भरायची.

"नवरा जित्ता असताना दुसरा करतीस? रांडं!" बब्रुवाननं केसांना धरून तिला कट्ट्यापुढं फरफटत आणलं. कासऱ्याचा दुहेरी पीळ करून तिच्या पाठीवर ओढला. पुन्हा ओढला. झंपर फाटलं, वळ उठले.

"बराबर हाय त्येचं," जमलेल्यांतलं कुणीतरी म्हणालं. महांतप्पा नुसते "आरं, बब्रुवान, आरं" करत लांब उभे राहिले.

"आत्या!" अर्पिता सासूकडं बघून किंचाळली. "तुमी तरी सांगा! कुठं हायत ते?"

म्हातारी उठली. लोकांना वाटलं, सुनेला सोडवायला आली. तिनं पाट्यावरचा वरवंटा उचलला, अर्पिताजवळ बसली, तिचा हात कट्ट्याच्या दगडावर धरला आणि वरवंटा हाणला. बांगड्या फुटल्या. काचा मनगटात घुसल्या. पोरगी गुरासारखी ओरडली, तरी म्हातारीनं दुसरा हात ओढला आणि त्यातलाही चुडा फोडला. हिरव्या काचांवर रक्त टपटपू लागलं.

बाईच्या बांगड्या कधी फोडतात, हे तिथं कुणालाच सांगावं लागलं नाही.

"आये, येडी झालीस का?"

"तिचा नवरा मेलाय. वैजनाथ मेलाय, तुज्या शेडात. म्या माज्या डोळ्यांनी जळताना बगितलंय त्येला." ती महांतप्पांकडं वळली. "पाटील, ह्ये लिवा. पोरीला तिकडं ह्योच कागद लागतोय."

कासरा आईच्याच तोंडावर बसला. ओठ फाटला, दात हलला. आता मात्र माणसं धावली. मघाशी बराबर म्हणणारेच बब्रुवानला खाली पाडून लाथा घालू लागले.

धुरपदाबाईनं सुनेला पोटाशी धरलं आणि इतकी वर्षं गिळलेला हंबरडा फोडला. "माज्या वैजा रं!"

अर्पितानं रक्ताळल्या हातांनी तिला ढकलून दिलं.

"काल चुडा भरताना," ती म्हणाली, "तवाबी तुमाला ठावं व्हतं?"

म्हातारी खाली वाकून फुटलेल्या हिरव्या काचा पदरात वेचू लागली.