संपातलं विरजण

आदिलाबादेत संप म्हणजे अंगणाखालची पाण्याची टाकी, आणि ती वर्षातून एकदा घासून लख्ख करायची. त्यामुळे वल्लरीने हैदराबादला नोकरीवर जाताना "बाबा, माशांच्या संपाकडे लक्ष ठेवा" म्हटलं, तेव्हा व्यंकटरावांनी नको तेच केलं. माशांच्या काचेच्या टाकीखाली पोरीने दुसरी लहान टाकी बसवली होती. वरचं पाणी तिच्यातून गाळून परत वर जाई. तिच्यातला काळाकुट्ट स्पंज, बुळबुळीत झालेले छपराच्या कवेलूचे तुकडे, सगळं त्यांनी उकिरड्यावर फेकलं. बाजारातून पांढऱ्याशुभ्र सिरॅमिकच्या नळ्या आणल्या, नवाकोरा स्पंज आणला. काय देखणा दिसत होता संप! दोन दिवस व्यंकटराव स्वतःवरच खूश होते.

तिसऱ्या दिवशी पाचही गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून आ वासायला लागले.

"बाबा, त्या घाणीतच तर जीव होता!" फोनवर वल्लरी रडकुंडीला आली. "त्यात जिवाणू असतात, माशांच्या घाणीचं विष तेच खातात. विरजणच नाही टाकलं तर दही कसं लागेल? कुणाच्या तरी जुन्या टाकीतलं आणा, आजच. मी शनिवारी येऊन राह्यली."

तिने कॉलेजपासून जपलेले मासे ते. व्यंकटरावांनी अर्धं पाणी बदललं आणि स्कूटर काढून ते जवळच्या मावला गावी निघाले. तिथे चंद्रभागाबाईंच्या किराणा दुकानात गुळाच्या भेल्यांमागे माशांची एक मोठी जुनी टाकी होती. पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. बाई नुकत्याच देवापुढे दिवा लावून गल्ल्यावर बसल्या होत्या.

"बाई, तुमच्या टाकीतलं थोडं विरजण द्या." घाईघाईत तोंडातून तोच शब्द निसटला.

"अगं बाई! दिवे लागल्यावर विरजण मागून राह्यले तुमी? ह्या वख्ती कोनी देते का घरातलं विरजण?"

"विरजण नाही हो, घाण! संपातली घाण पाहिजे."

"मंग तर अजिबातच नाही. दिवे लागल्यावर आमी केरबी बाहेर टाकत नाही."

झालं! गप्प बसले असते तर काही बिघडलं असतं का? पण नाही, दोन्ही दारं स्वतःच्याच तोंडाने लावून घेतली. व्यंकटराव मटकन पोत्यावर बसले. "सकाळपर्यंत जगायचे नाहीत ते. पोरीला काय सांगू? माझ्याच हाताने मारले म्हणून?" आणि बोलता बोलता त्या साठीच्या माणसाचे डोळे भरून आले.

बाई विरघळल्या. "रडून काऊन राह्यले, भाऊ? विरजण बाहेर जात नाही, एवढंच म्हनलं मी. दूध आत येऊ नये, असं कुठं म्हनलं? दिवेलागणीचा पाहुणा कोनी परतवते का? घेऊन या तुमच्या मास्यायले."

व्यंकटराव असे सुटले की हेल्मेट दुकानातच राहिलं. लाल बादलीतून मासे आले, बाईंच्या टाकीत शिरले, आणि थोड्या वेळात एकेक करत खाली उतरून पोहायला लागले. तेव्हा कुठे व्यंकटरावांनी बाईंचा चहा घेतला आणि फेकलेल्या स्पंजापासून नव्या नळ्यांपर्यंत सगळं सांगितलं.

सकाळी उजाडताच व्यंकटराव मासे न्यायला आले, तेव्हा बाईंनी आपल्या संपातला स्पंजाचा तुकडा आणि कवेलूच्या काळ्या खापऱ्या डब्यात भरून दिल्या. "पांढऱ्या नळ्याबी राहू द्या बाजूले. पन त्यायले लागायले महिना लागते. तवर हेच." व्यंकटरावांनी आयुष्यात पहिल्यांदा घाण दोन्ही हातांनी, प्रसादासारखी घेतली.

शनिवारी वल्लरी खांद्यावरची बॅगही न उतरवता टाकीसमोर उभी राहिली आणि मासे मोजायला लागली. व्यंकटराव श्वास रोखून मागे उभे.

"बाबा, सहा कसे?"

"बादली रिकामी कशी परत द्यायची म्हणून बाईंनी त्यांचा एक घातला."

"पण आपले पाच होते ना तिच्यात?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, ते तुमचे तुमी आनलेले, ते धरायचे नाहीत."

वल्लरी हसत सुटली. तिचं ते हसू ऐकून व्यंकटरावांच्या छातीवरचा धोंडा एकदाचा उतरला. मग त्यांना आठवलं. "पण पोरी, त्यांचा डबा आपल्याकडेच आहे. तो तरी रिकामा कसा द्यायचा?"

वल्लरीने वाकून संपात पाहिलं. काळ्या खापऱ्यांना खेटून पांढऱ्या नळ्या बसल्या होत्या.

"महिनाभर थांबा," ती म्हणाली. "ह्या काळ्या झाल्या की मूठभर ह्याच भरून द्या. आणि बाबा, सकाळी जा."