तलवाड्याची वाट

"ह्यो म्हातारा आमच्या पोटावर पाय देऊन चालतुय, बे!"

कचेरीमागच्या हौदावर बंकट चपराशी आपल्या जोडीदाराजवळ कुरकुरत होता. हौदाच्या आडोशाला भाकरीचं फडकं घेऊन केसरबाई उभी आहे, हे त्याला दिसलं नाही. म्हातारा म्हणजे तिचाच नवरा, उत्तरेश्वर.

केसरबाईला राग आला नाही. खरं ऐकल्यावर माणसाला राग यायलासुद्धा उसंत लागते.

गेवराईच्या कचेरीची रीत जुनी होती. हुकूम घेऊन चपराश्यानं गावोगाव पायी जायचं, पण सरकारी काम धरायचं ते गावच्या चावडीवर पोचल्यापासून. वाट चपराश्याची, ऊन चपराश्याचं, काटाही चपराश्याचाच. आता नवा हुकूम आला होता: वाटेतला वेळही कामात धरायचा आणि त्याचा जादा पगार द्यायचा. फक्त कोणत्या गावची वाट किती, हे एकदा ठरायचं होतं. पेशकार सुंदरराव म्हणाले, "सगळ्यात जुने पाय उत्तरेश्वराचे. उद्या तो सांगेल ते कायम."

आणि घोडं तिथंच अडलं होतं. सकाळी तलवाड्याला जाऊन त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत घरी येणारा म्हणून उत्तरेश्वराचं नाव सगळ्या तालुक्यात होतं. तसं लिहिलं गेलं, तर तरण्या चपराश्यांच्या पदरात काय पडणार?

हल्ली तो आदल्या सांजेलाच निघतो, हे केसरबाईला ठाऊक होतं. "वाटंत बहिणीकडं टेकतो," म्हणायचा. गुडघ्याला तेल लावताना म्हणायचा, "थंडीचं हाय." ती म्हणायची, "व्हय, थंडीचंच." वैशाखातसुद्धा.

त्या दिवशी घरी तिनं विषय काढलाच. "आवो, उद्या जरा बेतानं सांगा. पोरं धापा टाकत येत्यात."

"आजकालची पोरंच भुसभुशीत हायती."

"बंकट्याची बायको दिवसात हाय."

"मग मी काय करू? बाळंतपण करू?"

ती चुलीकडं वळली. चपराशाचा पट्टा, म्हणजे नोकरीच, ज्याच्या चालण्यावर, त्या माणसाला आता चालवत नाही असं म्हणायचं कुणी? आणि पट्टा गेला, तर उरलं काय?

दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन लवकरच आली आणि ओसरीच्या खांबाला टेकली. पेशकारांनी टाक उचलला.

"बोला उत्तरेश्वर, तलवाडा?"

उत्तरेश्वरानं मिशीवर हात फिरवला. "सकाळी निघावं, दिवा लागायच्या आत घरी."

टाक दौतीत बुडाला. पेशकार थांबले. "बंकट, तूही जातोस ना? तुझं काय म्हणणं?"

केसरबाई खांबापासून सरळ झाली. आता हा पोरगा सगळं ओकणार. सांजच्या वेळी उत्तरेश्वराला वेशीबाहेर लंगडताना त्यानं पाहिलं नव्हतं थोडंच!

बंकटनं खाली पाहिलं. स्वतःच्या भेगाळल्या टाचेकडं.

"दादा म्हंतेत तसंच, साहेब."

काल हौदावर फणकारणारा तो हाच का, असं केसरबाईला वाटलं. उत्तरेश्वरही त्याच्याकडंच बघत होता. मिशीवरचा हात खाली आला.

"थांबा साहेब. लिवू नका."

"का?"

"म्या आदल्या सांजंलाच निघालतो. परवाबी, त्याच्या आदुगरबी. दोन ठिकाणी बसत बसत गेलतो."

पेशकारांनी टाक खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"मग तलवाड्याची वाट दीड दिवसाची. बंकट, ऐकलंस?" आणि मग, वर न बघता, "उत्तरेश्वर, खजिन्याच्या दाराला भरवशाचा माणूस हवाय मला. पट्टा तोच, पगार तोच. उद्यापासून वाटा पोरांना चालू द्या."

बंकटनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की पेशकारांचा कागद हलला. मग तो केसरबाईच्या हातातल्या भाकरीच्या फडक्याकडं बघून ओशाळं हसला. "वैनी, काल हौदावर तुमी व्हता का वो?"

"न्हाई बाबा," केसरबाई म्हणाली. "माझे कान व्हते."

दोघं नवराबायको लिंबाखाली गेली. तिनं फडकं सोडलं, भाकरीवर ठेचा ठेवला. उत्तरेश्वर कचेरीच्या आवारात कधी बसून जेवत नसे; उभ्यानंच चार घास खायचा. आज तो खोडाला टेकून बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याची फिकीर न करता त्यानं दोन्ही पाय लांब पसरले. घास तसाच हातात राहिला.

"केसर," तो म्हणाला, "लई दुखतेत गं पाय."