उजवा गाल

राजारामांना अर्धांगाचा झटका आला तो घाटकोपरला, त्यांच्या इमारतीच्या दारातच. दाढीचं ब्लेड आणायला खाली उतरले होते. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. औषधांच्या कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर म्हणून माणसांवर ओरडलेल्या या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला: ‘चल’. पाणी हवं तरी चल, पंखा बंद कर तरी चल, टीव्हीवरची बातमी पटली नाही तरी चल. कुठल्या ‘चल’चा काय अर्थ, ते त्यांची बायको नंदा हळूहळू आवाजावरून ओळखायला शिकली.

आठ महिने तिने सगळं केलं. अंघोळ, दाढी, नखं, मालिश, लघवीची बाटली. मुलगी चेतना सकाळी आठला अंधेरीच्या ऑफिसला निघायची ती रात्रीच परतायची. मधला अख्खा दिवस नंदाचा. व्यायाम शिकवायला येणारा माणूस पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, “त्यांना जे जमतंय ते त्यांनाच करू द्या. सगळं तुम्ही केलंत तर माणूस खचतो.” नंदाने ते मनावर घेतलं. पण जमण्यासारखं होतं काय? फक्त दात घासणं. म्हणून रोज सकाळी ती ब्रशवर पेस्ट लावून त्यांच्या डाव्या हातात द्यायची, पुढ्यात प्लास्टिकचा टब धरायची आणि मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभी राहायची. निदान एवढं तरी त्यांनी कुणी न बघता करावं. राजाराम ब्रश पुढच्या दातांवरून चार वेळा फिरवायचे, चूळ टबात सोडायचे आणि ‘चल’ म्हणायचे. झालं.

जेवण मऊच द्यायचं होतं. ठसका लागेल म्हणून दवाखान्यातून घरी सोडतानाच तसं सांगितलं होतं. वरणभात कालवून, रव्याची खीर, आणि चार-चार तासांनी चहात भिजवलेली गोड बिस्किटं, कारण ती मात्र ते आवडीने खायचे.

दिवाळीनंतर त्यांचं खाणं बिघडलं. घास तोंडात घेऊन नुसते बसून राहायचे. कधी डावा हात उजव्या कानाकडे न्यायचे आणि चिडून ‘चल, चल’ करायचे. नंदाला वाटलं, कान दुखतो. तिने औषधाच्या दुकानातून थेंब आणून कानात घातले. तोंडाला वास येत होता, तो तिला पोटाचा वाटला. तिने इसबगोल सुरू केलं.

एका मंगळवारी दुपारी त्यांनी वरणभाताचा अख्खा घास तिच्या अंगावर थुंकला. ती पहाटे पाचपासून उभी होती. चादर दोनदा बदलून झाली होती. “अहो, खाऊन घ्या ना,” असं म्हणत तिने पुन्हा चमचा पुढे केला, तर त्यांनी डाव्या हाताने वाटीच उडवली. पिवळं वरण भिंतीवर, चादरीवर, तिच्या केसांत. आणि नंदाचा हात सुटला. फाडकन. त्यांच्या उजव्या गालावर.

राजाराम गालावर तळवा ठेवून तिच्याकडे बघत राहिले. चौतीस वर्षांच्या संसारात त्या दोघांपैकी कुणीही कुणावर हात उगारला नव्हता. नंदा स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि भांडी नसताना नळाखाली हात धरून उभी राहिली. मग फडकं घेऊन बाहेर आली आणि भिंत पुसली.

चेतनाला ती काही बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांचा उजवा गाल सुजलेला दिसला. आपण मारलं तिथेच. हाड मोडलं का? आतली शीर फुटली का? तिने हळद लावली, फडक्यात बर्फ बांधून शेक दिला. राजाराम तोंड फिरवत होते. ती हात जोडून म्हणाली, “अहो, चुकलं माझं. परत नाही हो असं करणार.” ते डोळे मिटून पडून राहिले.

रात्री चेतनाने चपला काढतानाच विचारलं, “आई, बाबांचा गाल काय झालाय?”

“कुशीवर झोपले होते ना खूप वेळ.”

“एवढा सुजतो कुशीवर झोपून?”

“उतरेल गं. तू जेव आधी.”

शनिवार तसाच गेला. चेतना डॉक्टरांकडे जाऊ म्हणाली, तर नंदानेच उद्या बघू म्हणून टाळलं. डॉक्टरने विचारलं तर काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. रविवारी सकाळी ताप एकशे दोन होता आणि गालाची सूज जबड्याखाली उतरली होती. राजाराम पाणीसुद्धा घेईनात. चेतना आईकडे न बघताच फोन करायला लागली. बाजूच्या गल्लीत दातांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर श्रुतिका रविवारच्या सुट्टीतही बॅग घेऊन वर आल्या.

त्यांनी हातमोजे घातले, चेतनाला टॉर्च धरायला सांगितली आणि राजारामांना म्हणाल्या, “काका, मी फक्त बघणार आहे. दुखलं तर माझा हात दाबा.” मग बोटाने उजवा गाल दातांपासून अलगद बाजूला केला.

वास अख्ख्या खोलीभर पसरला. चेतनाने नाकाला ओढणी लावली. गालाच्या आत खोबणीत अन्न साठलं होतं. भात, बिस्किटाचा लगदा, काहीतरी काळपट झालेलं. डॉक्टर ते ओल्या कापसाने काढत होत्या आणि ते संपतच नव्हतं. त्याखाली एक दाढ अर्धी तुटलेली. तिच्या धारेने गालाला आतून जखम केलेली. बाजूच्या हिरडीवर पू.

“या बाजूला त्यांना नीट कळत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “घास तिथे जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. जीभ तिथे पोचत नाही. दात कोण घासतं यांचे?”

“तेच घासतात,” नंदा म्हणाली. “डाव्या हाताने.”

“मग ब्रश मागे पोचतच नसणार, काकू. प्रत्येक जेवणानंतर कुणीतरी या गालातून बोट फिरवायला हवं होतं. सांगितलं नव्हतं का कुणी?”

नंदाने नाही म्हणून मान हलवली. डॉक्टर चिठ्ठी लिहायला वळल्या, तशी ती त्यांच्याजवळ गेली आणि अगदी हळू विचारलं, “मारलं तर असं होतं का?”

डॉक्टरांचं पेन थांबलं. चेतनाच्या हातातली टॉर्च अजून चालू होती. “कोणी मारलं?” तिने विचारलं.

“मी. मंगळवारी. खात नव्हते म्हणून.”

“तू बाबांना मारलंस?”

“हो.”

“हे थापडीने झालेलं नाही,” डॉक्टर मध्येच म्हणाल्या. “ही दाढ दोन-तीन महिने तरी किडते आहे. त्याचंच हे गळू. पण परवा सूज दिसली तेव्हाच बोलवायला हवं होतं. आता ॲडमिट करावं लागेल. जबड्याखालची सूज गळ्याकडे गेली तर श्वासाला त्रास होतो.”

चार दिवस राजाराम इस्पितळात होते. सलाईनमधून औषधं दिली, पू काढला, दाढ उपटली. गालातल्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवला, कारण तरुणपणी त्यांनी तंबाखू खाल्ली होती. रिपोर्ट यायचा होता. पहिले दोन दिवस चेतना आईशी कामापुरतंच बोलली. डबा ठेवला, गोळी दिली, एवढंच. तिसऱ्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात ती अचानक थांबली.

“मला वास येत होता, आई. महिनाभर येत होता. मी लांबून बाय करून निघून जायचे.”

दोघी जिन्यातच उभ्या राहिल्या. लोक बाजूने वर-खाली करत होते.

रिपोर्ट चांगला आला.

आता घरात लहान मुलांचा मऊ ब्रश आहे, टॉर्च आहे, पुसायला गॉज आहे. गोड बिस्किटं बंद झाली. प्रत्येक जेवणानंतर नंदा राजारामांना ताठ बसवते, गाल बाजूला करून आतून पुसते, मागच्या दाढांवरून ब्रश फिरवते. रविवारी हे काम चेतनाचं. पहिल्याच रविवारी राजाराम तिच्या बोटाला चावले. ती बोट झटकत “बाबा, काय यार!” म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली.

पण रोज ते तोंड उघडतातच असं नाही. नंदाचा हात गालाजवळ गेला की कधीकधी ते अजूनही मान मागे घेतात. दुखेल म्हणून घेतात की तो मंगळवार आठवून, हे तिला कळत नाही, आणि विचारलं तरी सांगणार कसे? अशा वेळी ती ब्रश बाजूला ठेवते. जोर करत नाही. पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या पायावर हात ठेवते, अर्धा तास जाऊ देते आणि मग दुसऱ्यांदा विचारते, “अहो, आता बघू का?”