लाल दोऱ्याची पुडी

सोनपेठच्या बाजारात वीरभद्रअप्पांचं चहापत्तीचं दुकान होतं, आणि अप्पांना माणसं पत्तीवरून कळायची. पाव किलोवाल्यानं अचानक अर्धा किलो नेली, की पोरगी बघायला पाहुणे येणार. सकाळची पत्ती सोडून कुणी दोन्ही वेळेला ‘दुपारची’ न्यायला लागलं, की त्या घरची म्हैस आटली. म्हशीच्या मालकाआधी अप्पांना कळायचं, असं लोक म्हणत.

‘दुपारची’ हे मिश्रण अप्पांचं स्वतःचं. सकाळचं दूध दुपारपर्यंत सरलेलं, संध्याकाळची धार अजून लांब. म्हणून तीन वाजता बहुतेक घरांत कोराच चहा व्हायचा. आणि दूध नसलं की पत्तीचे सगळे ऐब उघडे पडतात. म्हणून वासाला लांब पत्ती, रंगाला दाणेदार आणि भुकटी नुसती जरब बसण्यापुरती, असा अप्पांचा हिशोब होता.

स्वतः अप्पा मात्र तीनचा चहा घरी पीत नसत. दुकानाची फळी लावून ते आबासाहेबांच्या ओसरीवर जात. चहा त्यांच्या बायको धुरपताबाई करायच्या, तोंड आबासाहेब चालवायचे, आणि अप्पा मधे बसून दोघांची मजा बघायचे. वीस वर्षं असं चाललं होतं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यात मिठाचा खडा पडला. आबासाहेब झरीला लेकीकडं चार दिवस राहून आले आणि पहिलाच घोट घेऊन म्हणाले, “लेकीनं चहा केला होता बगा अप्पा. त्याला म्हणावं चहा!”

धुरपताबाईंनी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली. “मंग उद्यापासून तुमचा तुमी करा.”

आबासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी रॉकेलचा स्टो आणला. वरून दुकानात येऊन म्हणाले, “मला निस्ती भुकटी बांधा. मर्दाचा चहा पाह्यजे.”

संध्याकाळी धुरपताबाई आल्या. “मला निस्ती पत्ती. वास ओसरीपर्यंत गेला पाह्यजे.”

झालं. अप्पांपुढं रोज दोन कप यायला लागले. आबासाहेबांचा चहा काजळासारखा काळा, वासाच्या नावानं शून्य. बाईंचा चहा सुगंधी, पण रंग पितळेचं भांडं विसळल्यावरच्या पाण्याचा. आणि दोघांचा सवाल एकच : “कुणाचा चांगला?”

“दोन्ही आपापल्या जागी बरोबर हायेत,” अप्पा म्हणायचे.

“वकिलावानी बोलू नका. फैसला द्या.”

आठ दिवसांत अप्पांच्या छातीत जळजळ सुरू झाली. पण खरं दुखणं वेगळंच होतं. नवरा-बायको एकमेकांशी बोलेनात.

“अप्पा, सांगा त्यांना, स्टोच्या धुरानं भिंत काळी व्हायलीय.”

“अप्पा, सांगा तिला, भिंत माझ्या बापाची हाय.”

अप्पांची बायको जाऊन सात वर्षं झाली होती. दिवसातून तेवढाच एक तास त्यांच्या कानावर नवरा-बायकोचं बोलणं पडायचं. तो तास गेला, तर दुपारी फळी लावून जायचं कुठं?

शेवटी अप्पांनी जन्मात केली नव्हती ती बेइमानी केली. दोन्ही पुड्यांत गुपचूप ‘दुपारची’ भरली. आबासाहेबांच्या पुडीला लाल दोरा, बाईंच्या पुडीला पांढरा.

चार दिवसांनी आबासाहेबांनी अप्पांना कोपऱ्यात ओढलं. “तिच्या चहाचा रंग बगितला का? माझ्या डब्यातली भुकटी चोरायलीय ती!”

“मंग डबा कडीकुलपात ठेवा.”

“ठेवला आसता,” आबासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “पण झाकण जरा सैल झालंय.”

अप्पांनी डब्याकडं पाहिलं. झाकण सैल झालेलं नव्हतं. काढून शेजारी ठेवलं होतं. डबाही वरच्या फळीवरून खाली आला होता, धुरपताबाईंचा हात पोचेल इतका. अप्पांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तेवढ्यात आतून हाक आली, “अप्पा, जरा इकडं या.”

चुलीपुढं ताटलीत ओल्या चोथ्याचे दोन ढीग होते. धुरपताबाई हळू आवाजात म्हणाल्या, “एक त्यांचा, एक माझा. वळखा.”

माणसं पत्तीवरून ओळखणारा माणूस पत्तीवरूनच सापडला होता. भुकटीचा चोथा गाळासारखा बसतो, लांब पत्तीचा फुलतो. हे दोन्ही ढीग मात्र जुळ्या भावांसारखे होते.

“कधी कळलं, वैनी?”

“पहिल्याच दिवशी. तुळशीला चोथा मीच टाकते की. दोरा बदलून पत्ती बदलती का?”

“मंग बोलला कामून न्हाईत?”

बाईंनी पदर सावरला. “ते समजतेत मी चोरते. म्हणून डबा उघडा ठेवतेत, रोज बोटभर माझ्याकडं सरकवतेत. तीस वर्सांत माझ्यासाठी कधी दार उघडं धरलं न्हाई ह्या माणसानं.” मग जरा लाजून म्हणाल्या, “आता खरंच उचलते रोज चिमूटभर. न्हाईतर डबा तसाच बघून हिरमुसतील.”

बाहेर स्टोला पंप मारल्याचा आवाज थांबला. आबासाहेब भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, “अप्पा, सांगा तिला, चोरून न्यायपरीस हितंच येऊन प्या म्हणावं. पाणी जास्तीचं टाकलंय.”

“अप्पा, सांगा त्यांना,” बाई उठल्या, “पाणी टाकलंय, पण गूळ टाकला का इचारा.”

“सांगत न्हाई,” अप्पा म्हणाले. “माझा घसा बसलाय. तुमचं तुमी बोला.”

मग आबासाहेब म्हणाले, “न्हाई टाकला,” आणि धुरपताबाई गुळाचा खडा घेऊन ओसरीवर गेल्या.

त्या दुपारी एका भांड्यातून तीन कप भरले. अप्पांनी डोळे मिटून घोट घेतला.

निघताना आबासाहेब म्हणाले, “पुढल्या खेपेला लाल दोऱ्याचीच मोठी पुडी बांधा. पांढरी बंद.”

“पांढरी चालू ठेवा, अप्पा,” धुरपताबाई कप विसळता विसळता म्हणाल्या. “दिवाळीला हे पुन्हा झरीला जाणार हायेत.”