चौथ्या बाईचं आयरिश रक्त

अरुंधतीने ती बाई कधी पाहिली नव्हती. पाहिलं होतं ते तिच्या कानामागच्या हाडाचं चिमूटभर पीठ. तरी दीड वर्ष ती तिच्यासोबतच राहत असल्यासारखी होती. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या चार माणसांपैकी ही चौथी. पहिली तिघं अस्सल तिथलीच निघाली, त्यांचं कौतुक कोण करणार? ही मात्र अर्धी आयरिश निघाली. व्हायकिंगांनी आयर्लंडच्या बायका नेऊन आइसलँड वसवलं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. आजच्या आइसलँडकरांत ती आयरिश खूण अजून सापडते. पण खुद्द नॉर्वेत, इतक्या मानाने पुरलेल्या बाईच्या अंगात? तो आलेख पाहून जर्मनीतले तिचे मार्गदर्शक प्रोफेसर लिंडनर खुर्चीतून उठले होते, आणि लिंडनर सहसा कुणासाठी खुर्चीतून उठत नसत.

अरुंधतीचा सगळा प्रबंध त्या बाईवर उभा होता. मार्चमध्ये संपणारं कंत्राट वाढणार की बॅगा भरून पुण्याला आईकडे परतायचं, हेही त्या एका लेखावर ठरायचं होतं. लेख मासिकाकडे गेला. तपासणाऱ्यांनी तो वाखाणला, आणि त्यांच्यातल्या एकाने जाता जाता एक साधी विनंती केली: फक्त झिजलेले तुकडे घेऊन गणित पुन्हा करून दाखवा.

हाडातला जुना डीएनए तुटका असतो, टोकांना झिजलेला. कालपरवाच्या माणसाचा असला तर तुकडे लांब आणि धडधाकट. पीठ इतकं थोडं होतं, की अरुंधतीने पहिल्या खेपेला सगळेच तुकडे धरले होते. आता तिने झिजलेले तेवढे निवडले, आणि चौथी बाई मुकाट्याने शेजारच्या तिघांसारखी नॉर्वेची होऊन बसली. आयरिश भाग सगळाच्या सगळा धडधाकट तुकड्यांत होता. म्हणजे तो कुणातरी जिवंत माणसाचा होता. कुणी शिंकलं असेल, कुणाच्या मनगटावरच्या कातडीचे कण सांडले असतील.



अशा प्रयोगशाळांमध्ये एक रीत असते. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने, अगदी लादी पुसणाऱ्यानेसुद्धा, गालाच्या आतून कापूस फिरवून आधी स्वतःचा नमुना द्यायचा. मग हाडात काही सांडलंच, तर चोर घरातल्या घरात सापडतो. अरुंधतीने ते धडधाकट तुकडे घरच्या यादीशी जुळवून पाहिले. कुणाशीच जुळेनात. खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण ती यादी तिनेच केली होती, आणि तीत एक नाव असं होतं, की पुढे बरोबरची खूण होती आणि फ्रीजरमध्ये नमुन्याची नळी नव्हती. ते नाव मॉयराचं.

मॉयरा तिथली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ. चौसष्ट वर्षांची, मूळची आयर्लंडमधल्या गॉलवेची, सत्तावीस वर्षं जर्मनीत. हाडाला ड्रिल कसं लावायचं, हे अरुंधतीला तिनेच शिकवलं. पहिल्या हिवाळ्यात अरुंधती पुण्याचं पातळ जाकीट घालून शेजारच्या एर्लांगेन गावाहून गाडीने यायची, तेव्हा मॉयराने न बोलता स्वतःचे लोकरीचे मोजे तिच्या पिशवीत कोंबले होते. आईशी फोनवर बोलताना अरुंधती तिला मॉयरामावशीच म्हणायची. सगळी प्रयोगशाळा मॉयराला अगंतुगं करायची. अरुंधती एकटी तिला अहोजाहो करी. कितीदा सांगूनही तिची जीभ वळली नाही.

दोन वर्षांपूर्वी जुना फ्रीजर बिघडला आणि घरचे सगळे नमुने वाया गेले. नवे गोळा करायचं काम अरुंधतीकडे आलं. तिने सगळ्यांच्या मागे लागून लागून ते केलं. लिंडनरसुद्धा तिच्यापुढे आ करून उभे राहिले. मॉयरा तेव्हा कामात गढलेली होती. मान वर न करता म्हणाली, "मी दिलाय की गं." तो जुना असणार, वाया गेलेल्यांतला, हे अरुंधतीला त्याच क्षणी कळलं होतं. पण पुन्हा विचारायचं म्हणजे वयाने एवढ्या मोठ्या बाईवर अविश्वास दाखवल्यासारखं. प्रश्न ओठांवर आला आणि तिने तो गिळला. खूण केली. याला आपल्याकडे चांगलं वळण म्हणतात, आणि त्या दिवशी स्वतःच्या चांगल्या वळणावर ती खूशही होती.

पुढे चौथ्या बाईचं हाड आलं, तेव्हा अरुंधती तापाने फणफणली होती. "तू झोप, मी करते," असं म्हणून ते मॉयराने खरवडलं. माया केली आणि तीच नडली.

दुपारी कॅन्टीनमध्ये तिने हृषिकेशला सगळं सांगितलं. हा पार्ल्याचा, त्याच गटात सॉफ्टवेअरचं बघायचा आणि बोलताना मध्येच जर्मन शब्द पेरायचा.

"आल्झो, सोपं आहे," तो बटाट्याची कोशिंबीर ढवळत म्हणाला. "तिने सॅम्पल दिलं नाही. फॉल्ट तिचा. महिन्याभरात रिटायर होतेय, तिला कोण काय करणारे? तू कशाला मध्ये मरतेस?"

"पण मी त्यांना नीट विचारलंच नाही रे."

"ते तुला माहीत आणि तिला माहीत. तिसऱ्या कुणाला माहितीये?"

"तुला."

"हो, ओके. मी कशाला बोलतोय!" तो हसला. अरुंधतीला त्या हसण्याची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची, कारण त्याचं म्हणणं तिला ऐकावंसं वाटत होतं.

संध्याकाळी ती कापूस आणि नळी घेऊन मॉयरापुढे उभी राहिली. दोन वर्षांपूर्वीचा प्रश्न विचारायला तिला आत्ता घाम फुटला. मॉयराने तिच्या हातातल्या नळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चौथी?"

अरुंधतीने मान हलवली. मॉयराने हातमोजे काढले, चष्मा कपाळावर ढकलला आणि तोंड उघडलं. अरुंधतीने तिच्या गालाच्या आत कापूस फिरवला आणि नळी बंद करून तिच्यावर नाव लिहिलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. धडधाकट तुकडे टोकापासून टोकापर्यंत मॉयराचे होते. अरुंधतीने ते तिला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोफेसरांच्या खोलीत गेली. मॉयरा तिच्या आधीच तिथे येऊन बसली होती.

"चूक माझी आहे," मॉयरा लिंडनरना शांतपणे सांगत होती. "अरुंधतीने मला दोनदा विचारलं. नळी फ्रीजरमध्ये ठेवलीय असं मी खोटंच सांगितलं. कंटाळा केला, बस. मी जाणारच आहे. तिचं कंत्राट अडवू नका."

लिंडनरनी अरुंधतीकडे पाहिलं. समोर छापील कागद होता, मासिकाला लेख मागे घ्यायचं कारण कळवायचा. "असंच झालं?"

नुसती मान हलवायची होती. मोठी माणसं बोलत असताना मान हलवण्यात तिचा जन्म गेला होता. मॉयरा तिच्याकडे बघत होती आणि डोळ्यांनी सांगत होती, घे, पोरी, मी देतेय ना. मार्च तिच्या डोळ्यांसमोरून गेला, पुण्याचं विमानतळ गेलं, आईचा चेहरा गेला.

"नाही," अरुंधती म्हणाली. "त्या खोटं बोलताहेत."

वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर खोटं पाडायची तिची ही पहिलीच वेळ. "त्यांना मी एकदाच विचारलं. नळी आलेली नाही हे मला माहीत होतं. तरी खूण मीच केली."

"का?" लिंडनर चिडलेले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

भीड, असं तिच्या मनात आलं. त्याला जर्मनमध्ये काय म्हणावं, ते तिला सुचेना.

"विश्वासाने," मॉयरा घाईघाईने म्हणाली. "तसं लिहा ना. तिचा माझ्यावर विश्वास होता."

तेवढं लिहून भागलं असतं. लिंडनरनी पेन उचललंही होतं.

"विश्वास नव्हता," अरुंधती म्हणाली. "विश्वास असता तर मी पुन्हा विचारलं असतं."

मॉयराचा चेहरा उतरला. तिने अरुंधतीकडे असं पाहिलं, जणू ही मुलगी तिला आत्ताच कुणीतरी पहिल्यांदा दाखवली होती. मग तिने खुर्चीवरची शाल उचलली आणि निघून गेली. लिंडनरनी तिचंच म्हणणं लिहून कागद पुढे सरकवला. अरुंधतीने सही केली, आणि बाहेर येऊन मॉयराच्या बंद दाराशी किती तरी वेळ नुसती उभी राहिली.