तोंडाची घट्ट

मी एक जुनी रबरी पिशवी आहे. गरम पाण्याची, शेकायची. रंग एकेकाळी लालभडक होता. आता खपलीसारखा झालाय. मित्रांनो, हसू नका. कारखान्यात मला पाण्यानं भरून उलटं टांगलं, तेव्हा शेजारच्या तिघी ठिबकल्या आणि तिथेच बाद झाल्या. मी थेंब सोडला नाही. तेव्हापासून मला माझ्या तोंडाचा गर्व.

मला विकत घेतलं एका गादीवाल्या बाईंनी. पुढे दुकान, मागे घर, आणि कापसाची लव दोन्हीकडे सारखीच. बाईंचा दरारा असा, की पिंजणयंत्रसुद्धा त्यांना विचारून खडखडावं.

"पिशवी असावी तर अशी, तोंडाची घट्ट," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. "नाहीतर आमच्या गल्लीतल्या बायका! सकाळी भरल्या की दुपारपर्यंत गळून रिकाम्या."

मी खिळ्यावर लटकल्या लटकल्या फुगायचे.

त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा असताना त्याला गालगुंड झालं. "उशीत कापूस जास्त झालाय," म्हणून बाई त्याला चिडवायच्या आणि माझ्याकडून गाल शेकायच्या. पाचव्या दिवशी गाल उतरले, पण ताप पुन्हा चढला. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आई, खाली दुखतंय."

त्या घरात कमरेपासून मांडीपर्यंतच्या अंगाला नावच नव्हतं. सगळं 'खाली'.

"खाली म्हणजे पोटात ना रे?"

तो लाजला. "हो."

झालं! दोन दिवस मी नको तिथे ऊब देत बसले. तिसऱ्या दिवशी पांघरूण बदलताना बाईंनी पाहिलं. दोन्ही वृषण सुजून लाल झाले होते. त्यांनी झटकन पांघरूण पुन्हा ओढलं.

"दवाखान्यात जाऊ या का?" मुलानं विचारलं.

"गप. पोट धरलं होतं, एवढंच. बाहेर बोललास तर उद्या तुला पोरगी कोण देईल?"

सूज उतरली. बाईंनी माझं पाणी ओतलं, झाकण पिळून बसवलं आणि मला खिळ्याला अडकवलं.

पुढे सून आली. बाळांच्या गाद्या तिच्यासारख्या कुणी शिवायचं नाही. हातभर लांब, कडेला एकही गाठ टोचणार नाही. गिऱ्हाइकं लांबून यायची. एक वर्ष गेलं, दोन गेली, नऊ गेली.

"लोकांच्या पोरांच्या शिवतेस, घरच्याची कधी?" बाई म्हणायच्या. काढे तिला, सुया तिला, तपासण्या तिच्या. मला तिच्या ओटीपोटावर ठेवायचे आणि बाई शेजारणीला सांगायच्या, "जमीनच खडकाळ, बी काय करील?"

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. बाईंनाही. आम्ही दोघी तोंडाच्या घट्ट.

शेवटी सून नवऱ्याला म्हणाली, "आता तुम्ही तपासून या."

तो कागद घेऊन परतला आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला. "शुक्रजंतू नाहीतच म्हणाल्या डॉक्टरीणबाई. विचारत होत्या, वयात आल्यावर गालगुंड झालं होतं का. त्याचा विषाणू कधी कधी वृषणांत जातो. सूज येते, आतलं मरून जातं. सगळ्यांचं असं होत नाही. माझं झालं असावं." मग तो बाईंकडे वळला. "आई, तेव्हा काय होतं गं?"

"पोट होतं."

सुनेनं मला खिळ्यावरून काढलं. "मग हिनं काय शेकलं? खरं सांगा, आई. मूल नसलं तरी चालेल मला. दोष माझा नव्हता, एवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या."

बाईंचे ओठ हलले. मला वाटलं, आता. पण त्या म्हणाल्या, "दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय," आणि पुढे गेल्या. दुकानात कुणीच नव्हतं.

"जाऊ दे ना," मुलगा पुटपुटला. "तिचं वय झालंय आता."

"आणि माझं गेलं ते?"

तिनं मला जागच्या जागी लावलं. हातातल्या बाळगादीचा शेवटचा टाका घातला, दातानं दोरा तोडला, आणि गेली. पुन्हा आली नाही.

डॉक्टरीणबाईंनी म्हणे आणखी एक सांगितलं होतं, ते मुलानं नंतर रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हटलं: "तेव्हाच दाखवलं असतंत तरी वाचलं असतं याची खात्री नव्हती. पण नऊ वर्षं चुकीच्या पोटात शोधलं नसतं."

आता तो पिंजणयंत्रापाशी बसतो आणि कुणाशी बोलत नाही. बाळांच्या गाद्या ते घर शिवत नाही. परवा बाईंनी मला गुडघ्यावर ठेवलं आणि माझ्या मानेपाशी रबर तडकलं. बाईंचं नेसतं पातळ भिजलं. "तूसुद्धा गळायला लागलीस?" म्हणून त्यांनी मला चिंध्यांच्या खोक्यात टाकलं. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. डोळे मात्र मी पाहिले.

मित्रांनो, गालगुंडाची लस असते, ती टोचून घ्या. दंड दुखेल, रडा, पण घ्या. आणि अंगात जिथं दुखेल त्या जागेचं नाव घेऊन सांगा. 'खाली' नावाचा अवयव कुणालाच नसतो. तोंड घट्ट असणं हा पिशवीचा गुण आहे, माणसाचा नव्हे.

मी गळले खरी. पण ऐकायला थांबलेली सून निघून गेल्यावर.