बसले, पडले नाही

"तुम्ही पडला आहात का?" टेलरबाईंच्या गळ्यातल्या लॉकेटने विचारलं.

"पडले नाही मेल्या, बसले," टेलरबाई म्हणाल्या.

पण माणूस पडलं की फोन लावणाऱ्या त्या लॉकेटला बोलणं कळत नव्हतं, बटण दाबलं तरच ते गप्प व्हायचं. आणि टेलरबाईंच्या एका हातात कात्री, दुसऱ्या हाताखाली शाळेच्या स्टेजच्या पडद्याचं पांढरंशुभ्र कापड. काप मध्येच सोडला तर काठ वाकडा जातो, म्हणून त्यांनी तो आधी पुरा केला. तेवढ्यात लॉकेटने मुलाला फोन लावला, मुलाने खालच्या मजल्यावरच्या काकांना, आणि काका त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडून बुटांसकट थेट पडद्यावर येऊन उभे राहिले.

"कुठं लागलं?" काकांना धाप लागली होती.

"मला काही झालं नाही. पायाखाली बघा जरा, पडद्याचं काय केलंत ते."

टेलरबाईंचा उभा जन्म जमिनीवर गेला होता. पडदे, चादरी, सोफ्याची कव्हरं, एवढं कापड टेबलावर मावणार कुठं? ते खाली पसरायचं आणि कडेला धपकन बसायचं. टेकत टेकत बसलं की गुडघ्याखाली कापड ओढलं जातं, मग मापाचे बारा वाजतात. पण या धपकन बसण्याला लॉकेट पडणं म्हणायचं. टेलरबाई त्याला चोमडा म्हणायच्या.

संध्याकाळी मुलगा ऑफिसातून परस्पर आला.

"आई, आता बास झालं. तू आमच्याकडे चल. मशीन विकून टाकू."

"का? मी पडले?"

"पडशील."

"मी पडले तर कळावं म्हणून हे आणलंस ना? हे तर मी बसले तरी बोंब मारतंय. उद्या जरा आडवी झाले तर मेले म्हणून कळवेल. आणि तू त्याचं ऐकणार. माझं नाही."

मुलगा म्हणाला, "गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडलीस, तेव्हा दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. दार मी फोडलंय, आई."

ते खरं होतं. टेलरबाईंचा राग मात्र तसूभर कमी झाला नाही. माणूस एकदा पडलं म्हणून त्याचं बसणं-उठणं जन्मभर दुसऱ्यांनी ठरवायचं, हा कुठला न्याय?

शेवटी तडजोड झाली. मशीन राहील, लॉकेटही राहील, पण टेलरबाईंनी हळू बसायचं. मुलाने टेबल धरून बसून दाखवलं. आधी हात, मग एक गुडघा, मग दुसरा. त्याला पहिलं पाऊल टाकायला ज्यांनी शिकवलं, त्यांना तो बसायला शिकवत होता. टेलरबाईंनी दातओठ खात तसं करून दाखवलं, आणि लॉकेट गप्प राहिलं.

"बघ, जमलं की," म्हणत मुलगा खुशीत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी एक नवीन बाई नव्या घराच्या पडद्यांचं कापड घेऊन आली. चांगलं भारीतलं होतं. टेलरबाईंनी ते पसरलं, टेबल धरलं, एक गुडघा टेकला. दुसरा टेकताना कापड सरकलं आणि त्याला चुणी पडली. बाईने धावत येऊन त्यांचा दंड धरला.

"सावकाश, आजी."

आजवर गिऱ्हाइकं भांडली होती, उशीर झाला म्हणून तणतणली होती, पण टेलरबाई सोडून दुसरं काही कुणी म्हटलं नव्हतं.

"सोडा. बसते मी."

बाईने दंड सोडला. मग ती चुणीकडे बघत राहिली, कात्रीकडे बघितलं, आणि खाली वाकून कापडाची घडी घालायला लागली.

"तशी घाई नाहीये, आजी. आधी तुम्हाला बरं वाटू दे."

"मला काहीही झालेलं नाही. चाळीस वर्षं हेच करतेय मी."

"हो, हो. कळतंय मला," बाई समजुतीने म्हणाली आणि जाताना दार अगदी हळू ओढून घेतलं.

टेलरबाई रिकाम्या फरशीवर कात्री घेऊन बसून राहिल्या. गळ्यातल्या चोमड्याने काही विचारलं नाही.